टाचणी

चाळीस वर्षं मी या वेल्श खोऱ्यात टपाल वाटलं.
पाकीट हातात घेतलं की कळायचं
आत नोकरी आहे, की मयताची बातमी, की नुसतं गॅसचं बिल.
सरकारी सुरक्षा कार्यालयाची पाकिटं जाड असतात,
पण वजन नसतं त्यांना.

नेस्ता तिसरीला शिकवायची. खोली सात.
टेकडीवरची शाळा, अडुसष्ट साली
पत्त्यांच्या बंगल्यासारखी तीन महिन्यांत उभी केलेली.
शुक्रवारी पोरं चित्रं काढायची:
मेंढ्या, मेंढ्या, बाप, बस, पुन्हा मेंढ्या.
ती प्रत्येक चित्राला चार टाचण्या लावायची,
अंगठ्याने दाबून,
आणि पुढच्या शुक्रवारी काढायची,
कारण नवी मेंढी आलेली असायची.
भिंत मऊ होती. तिला ते आवडायचं.
"बघ इदवल, हातोडीसुद्धा लागत नाही."

भिंतीला कान असतात हे ऐकून होतो.
ती श्वासात येते हे कुणी सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तो शब्द सावकाश उच्चारला,
मेसोथेलिओमा,
आणि पाण्याचा पेला नेस्ताकडे सरकवायचा
तो माझ्याकडे सरकवला.
कुठे काम करायचात? गोदीत? बॉयलरवर?
"तिसरीत," ती म्हणाली.

मग मी पत्रं लिहायला लागलो.
भिंतीत ॲसबेस्टॉस होतं का? कुणी तपासलं? कधी?
पहिलं उत्तर: आपले पत्र मिळाले.
दुसरं: सदर विषय आमच्या कक्षेत येत नाही.
तिसरं, सगळ्यांत गुळगुळीत:
जोवर हात लावला जात नाही, तोवर धोका नाही.
सात वर्षांची एकोणतीस पोरं एका खोलीत,
आणि म्हणे हात लावला जात नाही तोवर.

मंगळवारी आम्ही त्यांच्या दारात बसतो.
इलेक्ट्रिशियन ग्विलिम, जो हल्ली वाक्याच्या मध्येच श्वास शोधतो.
होदान, कार्डिफच्या इस्पितळाचं तळघर झाडायची,
अजून झाडते,
आता आधी तपासणीचा कागद मागते
आणि कटकटी बाई म्हणवून घेते.
घोषणा नाहीत आमच्याकडे. थर्मास आहे.
आत जाणाऱ्यांना आम्ही नाव घेऊन गुड मॉर्निंग म्हणतो.
नावं त्यांच्या गळ्यातच लटकत असतात.

नेस्ता गेल्यावर अकरा महिन्यांनी
माहितीच्या अधिकारातली चौतीस पानं आली.
माझा बाप सांगायचा
खाणीत दगडामधून कोळशाचा थर कसा जातो,
तशा काळ्या पट्ट्या, ओळीमागून ओळ.

चाळीस वर्षांत मी कुणाचं पाकीट उजेडात धरलं नव्हतं.
ती आमच्या धंद्याची अब्रू.
त्या सकाळी एकविसावं पान
स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकवलं.
पट्टी मारणाऱ्याने स्वस्त शाई वापरली होती.

*खोली ७. पूर्वेची भिंत.
एका चौरस मीटरमध्ये टाचण्यांची भोकं: ६१२.
पुढील कारवाई: नाही.*
साल शहाऐंशी.

सहाशे बारा.
म्हणजे कुणीतरी वाकून मोजली.
दुपारभर उभा असेल तो,
बोट फिरवत, ओठ हलवत,
मेंढ्यांच्या मधून.
नेस्ताने त्याला चहा दिला असणार.
ती सगळ्यांनाच द्यायची.

राग येतो. का येऊ नये?
पण तो भेटला तर आधी हेच विचारीन:
बाबा रे, तूही तिथेच श्वास घेत होतास,
तुझं कसं आहे?

आता पुन्हा माझ्या जुन्या वाटेवर आहे.
खांद्यावर पिशवी, एकविसाव्या पानाच्या प्रती,
सोबत सह्यांचा कागद:
काळ्या पट्ट्या काढा, सगळ्या शाळांच्या भिंती उघड करा.
गुडघा कुरकुरतो.
अकरा नंबरचा कुत्रा नवा आहे, भुंकतो तसाच.

दार उघडून एक बाई मला ओळखते.
"मिसेस प्रॉसरची तिसरी! माझी मेंढी जांभळी होती."
आणि खोकते.
साधाच असेल. थंडी आहे.

सही करताना विचारते, किती झाल्या?
मी मोजत नाही, म्हणतो.
मोजायचं काम एकदा झालंय.

शेजारच्या घराचं फाटक
अजून उचलूनच उघडावं लागतं.