पाठकोरा मार्च

केर्लीपर्यंत काही नसतं.
कुशिरे फाट्याला करंगळी कुरकुरते,
दानेवाडीत बधिर होते,
आणि वाघबीळच्या वळणावर, चढ जिथं खरा अंगावर येतो,
डावा पाय घोट्याखालीही आहे
हे मला नुसतं आठवणीनं माहीत असतं.

तीन जोड झाले.
पहिला इटालियन, निमुळता,
बड्या साहेबाच्या सहीसारखा.
दुसरा मकसूद बागवानच्या सांगण्यावरून:
"एक नंबर वाढवून घे की, वर जाड मोजे."
त्यात टाच प्रत्येक पेडलला वर यायची,
पाय आत भाडेकरूसारखा राहायचा.
तिसरा पुण्याहून कुरिअरनं आला,
परत गेला,
पुन्हा आला.
कुरिअरवाल्या पोराला वाटलं असेल,
बाई बुटांना हवापालटाला पाठवते.

मी भूमी अभिलेखमध्ये. बावीस वर्षं.
भावाभावांमधली हातभर जमीन
नकाशावर बोटानं दाखवते, शिक्का मारते,
शिव्या खाते.
पाय मात्र शाळेतल्या बुटांच्या हिशोबावर सोडलेला.
सहा म्हणजे सहा.
फेरमोजणीचा अर्ज कधी कुणी केलाच नाही.

सुभाषनगरात आक्काताई व्हटकरांचं दुकान,
म्हणजे जिन्याखालची जागा, एक बल्ब,
आणि मांडीवर अर्धी विणलेली चपलेची वेणी.
बूट हातात घेतला. उलटा केला.
तळव्यावर टिचकी मारली.
"कार्बन आहे," मी म्हटलं.
"आसंल. वाकत न्हाई."
नाकाशी नेला. त्याला कसलाच वास नव्हता.
ते काही त्यांना आवडलं नाही.

"सकाळच्या पारी पाय मोजायचा नसतुय.
दिसभर राबू द्या, मग या."

साडेसहाला गेले, ऑफिसातून तशीच.
पतसंस्थेचं जुनं कॅलेंडर, मार्च महिना,
पाठकोरा, फरशीवर.
"हुबं ऱ्हावा. बसून न्हाई.
वजन पडल्याबिगर पाय खरं बोलत न्हाई."
पेन्सिल टाचेला वळसा घालून
कमानीत शिरली, मला गुदगुल्या झाल्या, मी हलले.
"हलू नगासा. हद्द हलती."

हे वाक्य मी
उसाच्या सरीत उभी राहून
किती जणांवर ओरडलेय.

दोन पाय उमटले, शेजारी शेजारी,
एकाच सातबारावरच्या दोन वारसांसारखे.
डावा जवभर मोठा.
"थोरला हाय की ह्यो. कुणी सांगितलं न्हाई?"
नाही.
चप्पल इतकी वर्षं सांभाळून घेत होती,
कान सैल सोडून, अंगठ्याशी जरा सरकून,
चकार शब्द न काढता.

मग चिंचेच्या लाकडाचं कलबूत,
करंगळीच्या जागी चामड्याची गोळी चिकटवलेली,
चहाच्या किटलीची वाफ,
आणि गुडघ्याखाली दाबून धरलेला
माझा अठरा हजारांचा बूट.
मी दुसरीकडे बघत राहिले.
"दोन राती ऱ्हाऊ दे. फाटला तर माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई."
दोनशे दिले. पन्नास परत केले,
सुट्टे, मोजून.

रविवारी शिवाजी पुलावर अजून अंधार.
क्लीट कट्कन बसली.
केर्ली. कुशिरे. दानेवाडी.
मी करंगळीची वाट बघत होते,
उशीर झाला की शेजारणीची बघतो तशी.
वाघबीळला मकसूद मागून ओरडला,
"काय गं, आज शिव्या न्हाईत?"
मी ऐकत होते. पाचही बोटं आपापल्या जागी,
गार, जागी,
पेडलला टेकलेली.

पन्हाळा दिसायला लागला तेव्हा
उजवा पाय,
ज्यानं आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं,
टाचेपाशी
किंचित
बोलला.

कॅलेंडरचा एप्रिल कोरा आहे अजून.
मार्च माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये,
कोपऱ्यात मीच लिहिलंय, लाल शाईनं:
प्रमाण एकास एक.