टेबलाची खालची बाजू

वॉर्ड बंद झाला तेव्हा सामान विकायला काढलं त्यांनी.
लोखंडी खाटा, पडद्यांचे गज, तो वजनकाटा.
वजनकाटा कुणीच घेतला नाही, तुइया.
तासभर अंगणात उभा होता बर्फ झेलत,
रांगेतल्या शेवटच्या मुलीसारखा.

मी जेवणाचं टेबल घेतलं. पंधरा युरोंना.
भाच्याच्या गाडीवर बांधून
कुओपिओच्या बाहेर, सरोवराकाठी,
माझ्या दोन खोल्यांत आणलं.
दारातून जाईना म्हणून पाय काढायला उलटं केलं,
आणि दिसली ती खालची बाजू:
काळपट, तुळतुळीत,
आपण नर्सची पाठ वळली की बोटांनी फासलेलं
सगळं लोणी पिऊन बसलेलं लाकूड.
वरून टेबल तडकलंय चार ठिकाणी.
खालून एक चीर नाही.
म्हणजे त्या हिवाळ्यात
कुणीतरी जेवत होतं.

परवा विद्यापीठातून मुलगी आली प्रश्नावली घेऊन.
दर दहा वर्षांनी येतात. ही तिसरी खेप,
आणि ही तर तेव्हा जन्मलीही नव्हती.
नोकरी? आहे, अर्धा दिवस,
बस-डेपोत, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीशी.
लग्न? होतं.
मुलं?
मी म्हटलं, पुढचं विचार.
हाडं. मनगट मोडलं गेल्या वर्षी. पडून नाही गं,
खिडकी उघडताना.
डॉक्टर म्हणाले, पन्नाशीच्या बाईत ऐंशीची हाडं.
पुढचे चार दात माझे नाहीत, हे तिनं विचारलंच नाही.

कामावर कुणाचा वाढदिवस असला
की मला नेमका तेव्हाच महत्त्वाचा फोन येतो,
वीस वर्षं येतोय,
आणि वेलदोड्याच्या पावाचा वास
दाराखालून आत येऊन माझ्याकडे बघत बसतो.
बहिणीनं नाताळला बोलवायचं सोडलं होतं.
आता बोलावते. ताटाकडे बघत नाही,
इतकं बघत नाही की कळतंच.
मधली अकरा वर्षं कुठल्या रकान्यात भरू?

तिच्या यादीत तुझ्या नावापुढे
एक आडवी रेघ होती.
मी सांगितलं नाही तिला
की मार्च होता, जमीन खणता येईना,
आणि तुझी पेटी उचलायला दोघं पुरले.

शेवटचा प्रश्न: बऱ्या झालात का?
तीन चौकोन. पूर्ण. काहीशी. नाही.
पेन धरून बसले
तिची कॉफी निवेपर्यंत.
ती म्हणाली, राहू दे, पोस्टानं पाठवा.

कागद अजून इथंच आहे, मिठाच्या बरणीखाली.
आज काळा पाव कापला.
लोणी लावलं, कडेपर्यंत नाही, पण लावलं.
अर्धा खाल्ला. मग थोड्या वेळानं
उरलेल्यातला एक घास.
आणि सवयीनं हात खाली गेला, तुइया,
टेबलाच्या पोटावरून बोट फिरलं,
तुझ्या जागेपर्यंत गेलं,
आणि कोरडंच वर आलं.