शिक्कामोर्तब

कपितोलिना येर्मोलायेव्हनाच्या टेबलाचा डावा खण
जरा वर उचलून ओढावा लागतो.
आत पाच शिक्के, लोकरी मोज्यात गुंडाळलेले.
सहावा परवा जमा झाला
साठ किलोमीटरवर, जिल्ह्याच्या गावी.
पोचपावती मिळाली.
पोचपावतीवर त्यांचा शिक्का.

उरमिन्स्क हे शहर आता नाही.
म्हणजे तळं आहे, धरण आहे,
ओतशाळेची एक चिमणी आहे आणि दुसरीचा बुंधा,
चार हजार एकशे बारा माणसं आहेत.
आज सकाळपासून एकशे अकरा,
फेव्रोनिया लुशिना पहाटे गेली.
फक्त शहर नाही.
ठराव एका ओळीचा होता,
कर्ता नसलेला.

सगळ्यात जुना शिक्का पितळी.
ओस्ताफी झुबारेव नावाच्या मिठाच्या व्यापाऱ्यानं नदी अडवली,
तीनशे बिऱ्हाडं विकत आणली भांड्याकुंड्यांसकट
आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं:
खनिज, कोळसा, जीव.
ह्याच क्रमानं.
शिक्क्यावर एक पाणमांजर आहे, तोंडात मासा धरलेलं.
पुढच्या एकाही सरकारला
त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

मग एकसष्ट वर्षं गावाचं नाव होतं लाल ओतारी.
त्या काळातल्या एका नोंदवहीत
ब्लेडनं कापलेले चौकोन आहेत, नावांएवढे.
कपितोलिना त्या खिडक्यांतून खालचं पान वाचते:
दुधाचा हिशोब. बालवाडी. अकरा लिटर.
तिचे वडील ह्याच खुर्चीत बसत.
ब्लेड कुणाचं होतं
हे तिनं त्यांना विचारलं नाही,
आणि त्यांनी दाढी वाढवली होती, एवढंच तिला आठवतं.

युद्धात इथे तोफगोळे ओतले, नंतर रेडिएटर.
कुठेही जा, म्हणायचे लोक, भिंतीला हात लाव,
मागच्या बाजूला आमची खूण लागेल बोटाला.
भोंगा वाजायचा तेव्हा तळ्यातली बदकंसुद्धा पाळी बदलत.
आता घड्याळं आहेत घरोघरी
आणि वेळ कुणालाच माहीत नसते.

नियम असा:
सलग पाच दिवस सरासरी आठ अंशांखाली,
मग बॉयलर पेटतो.
पण जिल्ह्याचा थर्मामीटर बेकरीच्या भिंतीवर आहे.
तिथे अजून सप्टेंबर चालू आहे, पावाच्या वासाचा.
कपितोलिनानं सात वेळा फोन केला.
कागद वर गेलाय, म्हणाले.
किती वर, ते नाही म्हणाले.
शाळेत पोरं हातमोजे घालून गणितं सोडवतात,
त्यामुळे आठ आणि तीन सारखेच दिसतात.

दुपारी बॉयलरवाला सव्वाती आला, टोपी हातात.
कागद दे, म्हणाला. कुठलाही.
तीस वर्षांत मी कागदाशिवाय काडी ओढलेली नाही.
तिनं त्याच्याकडे पाहिलं.
दोन बोटांनी हुकूम टाइप केला,
खण जरा वर उचलून ओढला,
मोजा सोडला.
शाई धरेना. तिनं पितळेवर दोनदा तोंडाची वाफ सोडली,
आणि सगळा भार मनगटावर दिला.
पाणमांजर उमटलं.
एक मिशी पुसट. मासा स्पष्ट.

सव्वातीनं घडी करून टोपीत ठेवला.
वाचला नाही.

जावक नोंदवही तिनं स्वतःच बंद केली होती,
दोनशे बाराच्या खाली लाल रेघ मारून.
रेघेखाली तिनं लिहिलं: दोनशे तेरा.
विषयाच्या रकान्यात थोडा वेळ पेन टेकवून ठेवलं.
एक ठिपका पडला. तोच राहू दिला.

संध्याकाळी पाइप ठणठणले,
आधी शाळेत, मग दवाखान्यात,
मग धरणाकाठच्या चाळीत, एकेका मजल्यावर.
लोक उठून भिंतीला हात लावू लागले.
फेव्रोनिया लुशिनाच्या खोलीत मात्र
शेजारणींनी घाईघाईनं पाना शोधून
नळ घट्ट बंद केला.
तिला अजून दोन दिवस
थंडी हवी होती.