दोन सूत

आमच्या वखारीत सूत म्हणजे
इंचाचा आठवा भाग.

पणजोबा खड्ड्यात उभे राहून करवत ओढायचे.
वर गुरुबाळ करवत्या, खाली हे,
डोळ्यांत भुसा.
एका कापाला दोन सूत जायचं.
तेवढं लाकूड गिऱ्हाइकाचं नाही, आमचंही नाही.
वहीत वेगळा रकाना : करवतीचं.

आजोबांनी पट्ट्याचं मशीन बसवलं.
त्याला अर्धं सूत पुरे,
तरी वहीत दोनच मांडत राहिले.
सवय, म्हणायचे.
आत्या म्हणायची, चोरीच की.
त्या वरच्या दीड सुतावर अप्पा दहावी झाले
आणि नववीचीच पुस्तकं विकून मशीनवर आले.

मी बसायला लागले तेव्हा
तुळजापूर वेशीकडची गिऱ्हाइकं विचारायची,
मालक कुठायत?
ब्लेड ताणता ताणता मी म्हणायची, बोला.

परवा राजेशम बोद्धूल आला.
छोट्या हत्तीत सागवानी माग,
उकलून, दोरीनं आवळून.
न्हाणीला दार करायचंय, म्हणाला,
उरलं तर दोन पाट.
अप्पांनी लोहचुंबक फिरवलं.
अकरा खिळे निघाले,
आणि खांबाच्या बुडाला, तेलाच्या मळाखाली,
गोलातला म.
आमचा छाप. पणजोबांच्या हातचा.
अप्पांनी त्यावर अंगठा फिरवला,
मग उगाच चष्मा पुसला.

कापा की, राजेशम म्हणाला,
काय बघलालाव?

ब्लेड आत शिरलं
आणि वास आला, तेलकट, कातड्यासारखा,
काल तोडल्यासारखा ताजा.
मग कुठल्याशा फटीतून
भुशाबरोबर गुलाबी तंतू उडायला लागले,
चादरीचे.
राजेशमनं एक चिमटीत धरला,
उजेडात बघितला.
वीस नंबरी, म्हणाला.
त्याच्याकडे सूत म्हणजे सूत.

संध्याकाळी वहीत, करवतीचं या रकान्यात,
मी अर्धं लिहिलं.
अप्पांनी वाचलं. बोलले नाहीत.
मजुरीत चाळीस रुपये कमी घेतले
आणि पंखा बंद करून घरी गेले.

दार गेलं, पाटही गेले.
पावडी तेवढी राहिली, चुकून की कसं, माहीत नाही.
मशीनखाली घेतलीय,
धार लावताना पाय ठेवायला.
तिच्यात टाचेचा खळगा आहे.
माझी टाच त्यात भरत नाही,
थोडी हलते.