हात्तिच्या

वाइकेच्या गळ्यात सापडला तेव्हा
मीच म्हणाले होते, हात्तिच्या, थायरॉइडचा ना!
राईचा पाव टेबलावर ठेवत, कोटसुद्धा न काढता.
डॉक्टरही म्हणाले म्हणे,
निवडायचाच झाला तर हाच निवडावा.
जणू ती बाजारात हेरिंग घ्यायला गेली होती.

मुहू बेटावर बातमी बोटीच्या आधी पोचते.
ती तार्तूहून परतेपर्यंत आम्ही
तिचा आजार धुऊन, घडी घालून ठेवला होता.
छोटासा. बरा होणारा.

मग ते किरणांचं औषध.
आठवडाभर नातू कुंपणापलीकडे,
आणि ती खिडकीतून त्याला
अर्धा विणलेला मोजा दाखवायची.
आता रोज पहाटे एक गोळी,
पुढे अर्धा तास कॉफीकडे नुसतं बघत बसायचं.
मरेपर्यंत, म्हणाली, आणि हसली.
हसण्याला आवाज नव्हता.

ऑक्टोबरात मेंढ्या आणायला तिच्यासोबत गेले.
जुनिपरच्या झुडपांपाशी उभं राहून
तिनं हाक मारली, चाळीस वर्षांची तीच हाक.
वाऱ्यानं ती अर्ध्यात टाकली.
एकीनं मान वर केली,
परत चरायला लागली.

"तू मार," वाइके म्हणाली.
मी मारली. माझा गळा धडधाकट;
पण त्यांच्या ओळखीचा नव्हता.

ओल्या गवतातून एकेकीला ढकलत आणलं
दोघींनी, अंधार पडेस्तोवर.
बावीस होत्या.

घरात शिरल्यावर
मी कोट काढला.
बसले.