माल : कच्चा काजू

कागदावर लिहिलं होतं कच्चा काजू,
बंदर म्तवारा, पोती तीनशे वीस.
काजू मला कुणी शिकवायला नको.
आमच्या गुहागरकडे मे महिन्यात
त्याच्या तेलानं बोटांची सालं निघतात,
बी फोडणाऱ्या बायकांचे हात
दिवसभर राखेत असतात.

म्हणून जेबेल अलीच्या शेड नंबर अकरात,
बाहेर सत्तेचाळीस डिग्री, आत पंखा फक्त आवाजापुरता,
अठ्ठ्याऐंशीव्या पोत्याला हूक लावला
आणि माझं नाक थांबलं.

सुकट आणि जुनी नखं, यांच्या मधला कुठला तरी वास.
पोतं हललं तेव्हा आवाजही वेगळा.
बी घरंगळते. हे खरखरलं,
कौलं उतरवून रचताना खरखरतात तसं.

ओकेलोनं सुरी घातली.
खवले.
तपकिरी, निमुळते, शिंगासारखे टणक,
काहींच्या मुळाशी अजून मांस, वाळून काळं.

ओकेलो गुलूच्या पलीकडचा, युगांडाचा.
त्याचा भाऊ किडेपोच्या जंगलात गार्ड,
सायकलच्या ब्रेकच्या तारांचे फासे गोळा करत हिंडतो.
ओकेलो खाली बसला. म्हणाला,
लहान असेल तर एकाचे अर्धा किलो निघतात.
मग आम्ही हिशेब करायला लागलो,
कारण हिशेबाचाच पगार मिळतो आम्हाला.
हजारापुढे मी सोडून दिलं,
तो बोटांवर पुढे जात राहिला.

सोनू गोताडनं सड्यावरून आणलं होतं एक,
गोणत्यात घालून. मी तेव्हा चौथीत.
पडवीत ठेवलं तर फणसाएवढं गोल,
नाक पोटात, शेपूट वरून.
वाघालाही उलगडत नाही म्हणतात.
सोनूनं उलगडलं,
आंघोळीच्या हंड्यातल्या उकळत्या पाण्यानं.
आम्हा पोरांना दोन दोन खवले वाटले.
एक मी शाळेच्या वाटेवर हरवला.
दुसऱ्याला आईनं तापल्या सुईनं भोक पाडलं,
माझ्या करगोट्यात ओवला. दृष्ट लागू नये.

लागली नाही.
मेडिकलला, विमानतळावर, अकरा वेळा व्हिसाच्या रांगेत
कुणी विचारलं नाही कंबरेला काय आहे.

पौलोस सुपरवायझर म्हणाला, शिवून टाका.
कंटेनर उद्या हायफाँगला जाणार,
आपण चढवणारे, उतरवणारे.
त्याची मुलगी कोट्टायमला नर्सिंग शिकते,
तो वाईट माणूस नाही.

फोन कुणी केला ते मी लिहीत नाही.
ओकेलोच्या व्हिसाचे अजून आठ महिने आहेत.

कस्टमची मुलगी आली, बदरिया नाव,
अबायाच्या बाह्यांवरून रबरी हातमोजे.
बाकीची पोती खरोखर काजूची निघाली,
चांगला काजू, जरा ओला.
खवल्यांचं वजन केलं :
सातशे बेचाळीस किलो.
ती लिहीत होती तेव्हा मी शर्ट वर केला,
दोरा दातानं तोडायला वाकता येईना,
तेव्हा ओकेलोच्या सुरीनं कापला
आणि माझा ठेवला काट्यावर, इतरांवर.
घामानं आणि वर्षांनी तो गुळगुळीत झालेला,
त्यांच्यात लगेच ओळखू येत होता.
आकडा हलला नाही.

हे कुठल्या पोत्यातलं, तिनं विचारलं.
मी म्हणालो, आधीच्या.

रात्री कॅम्पात साखरेच्या डब्यापासून
खिडकीपर्यंत मुंग्यांची ओळ.
वरच्या बंकवरून ओकेलो विचारतो,
तुमच्यात काय म्हणतात त्याला?
खवल्या मांजर.
मांजर? तो हसतो, आज पहिल्यांदा.
मांजर, मांजर, म्हणत कूस बदलतो.
मी फडकं उचलतो मुंग्या पुसायला
आणि तसाच धरून उभा राहतो.
कंबरेभोवती दोऱ्याची रेघ
खाजते आहे.