सातव्या घावाला

सातव्या घावाला कुऱ्हाड मोडते.
झाड बर्च असो की पाइन,
सहा घाव सुखाचे, सातव्याला दांडा हातात.
मी मोजलंय. मोजण्याचेच पैसे मिळतात मला
डंडीत, टे नदीकाठी, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे खिडकीबाहेर पाऊस आडवा पडतो
आणि पडद्यावर बर्फ उभा.

माझा माणूस आज अकराव्यांदा मेला.
पहिल्यांदा भुकेनं. दुसऱ्यांदाही भुकेनं,
पिशवीत हरणाचं सुकं मांस असताना,
कारण खायला चार सेकंद लागतात
आणि त्याच्याकडे तीन होते.
मग एकदा गुडघाभर उंच कुंपणापाशी.
मागे लांडगा, पुढे दोन फळ्या,
आणि उभा कडा चढणाऱ्या या गड्याला
साधी टांग टाकता येत नाही.
मी बटण दाबत राहिले. तो जागच्या जागी
पळत राहिला, सरळ, मन लावून,
मरेपर्यंत.

काड्यापेटीत बारा काड्या. वाऱ्यात
आठ विझतात, मान्य.
पण गुहेत? वारा नाही तिथेही आठच?
रूअरी म्हणतो, रान असंच असतं.
हे रान रूअरीनं बांधलंय. त्याच्या घरी
एक मांजर आहे,
तिला तो दिवसातून पाचदा खायला घालतो.

तीस किलो उचलता येतात.
तीस किलो आणि वर एक पीस
झालं की माणूस जमिनीला खिळतो.
कावळ्याचं पीस. मी टाकलं,
उचललं, पुन्हा टाकलं.
अख्खी दुपार त्या पिसापायी गेली
आणि अहवालात एक ओळ आली.

माझे वडील वनरक्षक होते, नवेगावला.
कुऱ्हाडीला धावड्याचा दांडा घालायचे.
दांडा मोडला की कुऱ्हाड संपली,
असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.
पातं असतं ना. दुसरा दांडा घालायचा.
तेवढंच मी विचारलं,
मोडलेल्या कुऱ्हाडीचं पातं जातं कुठे?
गांभीर्य: किरकोळ.
हे त्यांनी ठरवलं, मी नाही.

आणि ती भूक. डाव्या कोपऱ्यातली केशरी पट्टी,
मिनिटाला एक घर, घसरगुंडीसारखी सरळ.
भूक अशी नसते, रूअरी.
नववीत मी हरितालिका धरली होती, निर्जळी.
दहाला भूक आली. अकराला भांडली.
एकला शेजारी बसून राहिली, तोंड फिरवून,
आणि चारच्या सुमारास उठून
कुठेतरी निघूनच गेली.
रात्री मी फुगड्या घातल्या, अंगात वजनच नसल्यासारखी.
दुसऱ्या दिवशी केळं सोलताना
ती एकदम अंगावर आली.
केळं दिसलं म्हणून.

हे सगळं मी त्याला सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत,
हरितालिकेला शब्द न सापडून
नुसतेच हात हलवत.
त्यानं सँडविच खाली ठेवलं.
म्हणजे अन्न दिसलं की वाढते?
म्हटलं, वास आला तरी.
कागदी रुमालावर त्यानं एक रेघ काढली,
वर जाणारी, मग खाली, मग नाहीशी,
आणि रुमाल घडी करून खिशात घातला.

गुरुवारी नवी आवृत्ती आली.
कुऱ्हाड अजून सातव्यालाच मोडते.
कुंपण आहे तसंच आहे.
पण पट्टी दुपारी थरथरली, थांबली,
आणि चार वाजता विझून गेली.

आता तो तिथे उभा आहे,
पाइनच्या खाली, बर्फात.
लांडगे लांब. काड्या चार शिल्लक.
त्याला काही नको आहे.
मी त्याला बसवायला गेले
तर बसायचं बटणच नाही.
धावायचं आहे, तोडायचं, सोलायचं, पेटवायचं,
लपायचं आहे.
बसायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

उद्या लिहीन.
गांभीर्य या खेपेला मी ठरवीन.